डाव्या कुशीतला आवाज

२४ एप्रिल, गुरुवार

अबोली बादली ओळखायला लागली! मी फाटकातून आत शिरलो की कान पुढे, मान लांब. कालच्या लग्नातला भात, पुऱ्या, तळाशी थोडी बुंदी. सगळं चाटूनपुसून साफ. शेजारच्या लग्नाच्या लॉनवरचा पियूष रोज म्हणतोच — "काका, न्या हो, नाहीतर नाल्यात जाते सगळं." आज अकरावा दिवस. एकही खाडा नाही.

पोरीला, चिनूला सांगितलेलं नाही. सांगितलं तर चालू देणार नाही. तिचा सगळा तराजूचा कारभार. मुरघास इतका, कुटार इतकं, ढेप इतकी — भिंतीवर तक्ताच लावलाय. दिवस भरत आलेल्या गाईने एवढ्यावर कसं भागवायचं? हिने, चिनूच्या आईने, दोन्ही बाळंतपणांत डबा डबा डिंकाचे लाडू खाल्ले. गाईला काय पोट नाही?

खरं कारण लिहितो. मला भीती वाटते. अबोलीची आई शेवंती गेल्या दिवाळीत अशीच धडधाकट व्याली आणि पंधरा दिवसांत गेली. पोटातला एक कप्पा जागचा सरकला होता म्हणे. मला ते पटलेलं नाही. मी तेव्हा शहरात, महाल भागातल्या घरी होतो, पण चिनूने फोटो पाठवला होता — बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती. अशक्तपणाच तो! बुटीबोरीच्या लॅबमधली नोकरी सोडून पोरीने घेतलेली ही पहिली गाय. ती गेल्यावर महिनाभर चिनू धड जेवली नाही. आता गोठ्यात सहा गाई, त्यातल्या दोघी शेवंतीच्याच मुली — अबोली आणि धाकटी जुई. दोघी गाभण. अबोलीचे दिवस आत्ता भरतील, जुईचे मेअखेर.

जुईला काही देता येत नाही. ती पलीकडच्या टोकाला, ताराचंदच्या खोलीसमोर बांधलेली. गोठ्याचं सगळं ताराचंद बघतो. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही.

अबोलीचं तरी आईसारखं होऊ द्यायचं नाही. बस.

२७ एप्रिल, रविवार

व्याली! सकाळी साडेदहाला. कालवड! वारही वेळेत पडली. ताराचंद ओरडला, "पोरगी झाली जी बाबूजी, पेढे काढा!" चिनूने माझा हात घट्ट धरला होता. दहावीच्या निकालाला धरला होता, त्यानंतर आजच.

ही पुण्याला मुलाकडे, गौरांगकडे, नातवापाशी. फोन केला तर म्हणते, "आम्हाला विसरलात तुम्ही, गाईच्या बाळंतपणात रमलात." खरंच आहे.

आज बादली काठोकाठ नेली. बाळंतीण आहे.

३० एप्रिल, बुधवार

चव्वेचाळीस पॉइंट दोन. पंखे फिरतात पण गरम हवाच फेकतात. अबोली एकोणीस लिटर. सगळं ठीक चाललंय. तरी दोनदा जाऊन तिला बघून आलो.

२ मे, शुक्रवार

ढेप तशीच. मुरघासाला तोंड लावलं नाही. भात निम्माच खाल्ला आणि मान वळवली. दूध अकरावर आलं.

चिनू म्हणते ऊन बाधलं असेल. ती तीनदा येऊन अबोलीच्या डोळ्यांत बघून गेली.   आम्ही दोघं शेवंतीचं नाव टाळून राहिलो.

३ मे, शनिवार

सकाळी दूध आणखी उतरलं, तेव्हा चिनूने डॉक्टरांना बोलावलं.

जनावरांच्या डॉक्टर अदिती आल्या. तिशीची बाई. स्कूटीवर येतात, डिकीत अख्खा दवाखाना. अबोलीच्या डाव्या बरगड्यांवर स्टेथोस्कोपची नळी टेकवली आणि बाजूला बोटाने टिचक्या मारत गेल्या. एका जागी थांबल्या. पुन्हा टिचकी. पुन्हा. मग चिनूकडे न बघता नळी काढून मला दिली. "ऐका काका."

मी ऐकलं. टण्‌ — टण्‌ — रिकाम्या पिंपात पाण्याचा थेंब पडावा तसा. जिवंत प्राण्याच्या पोटातून असा आवाज! 

त्यांनी समजावून सांगितलं. गाईच्या पोटाचे चार कप्पे. चौथा खाली तळाशी असतो. वासरू बाहेर आलं की आत जागा मोकळी होते. त्यात खाणं बिघडलं, चौथ्यात गॅस धरला, की तो फुगतो आणि डावीकडून वर चढतो. वर अडकला की पुढे काही जात नाही. गाय भरल्या गव्हाणीपुढे उपाशी राहते.

"शेवंतीसारखंच?" चिनूने विचारलं.

"हो. पण हिला वेळेत धरलं."

मग त्या शेणाकडे वाकल्या. काडीने उलथंपालथं केलं. "चिन्मयी, तुझ्या खुराकात भात आहे?"

"नाही. कधीच नाही."

"मग शेणात शितं कुठून आली?"

चिनूने ताराचंदकडे बघितलं. ताराचंदने अबोलीकडे बघितलं. आणि मी — मी नळ बंद करायला गेलो. नळ बंदच होता.

४ मे, रविवार

सकाळी आठला ऑपरेशन. उभ्या गाईचं! कप्पा खाली ओढून बांधायचा तो उजवीकडून, म्हणून उजव्या कुशीवरचे केस काढले, तिथे सुया दिल्या, वीतभर चिरलं. डॉक्टरांचा हात खांद्यापर्यंत आत. डोळे मिटून चाचपत होत्या. मी सलाईनची बाटली उंच धरून उभा. ताराचंद दोर धरून तिच्या कानाशी बोलत होता — "थांब वं माय, झालंच वं, थांब." दीड तास. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "आला खाली," आणि मी बाटलीसकट खाली बसलो.

तो कप्पा आता आतून टाक्यांनी जागेवर बांधलाय. पुन्हा सरकणार नाही.

डॉक्टर बाहेर हात धुत होत्या तेव्हा गेलो. कसंबसं विचारलं — हे भातामुळे झालं का?

"एकच कारण सांगता येत नाही काका. काही घराण्यांत हे जास्त दिसतं. आईला, मग मुलींना. भरपूर दुधाच्या विलायती रक्तात तर आणखी. पण रक्तात असलं म्हणजे होतंच असं नाही. वर ऊन, विण्याचा ताण, आणि खाण्यात अचानक बदल. भात, पुरी, गोड — यांनी पोट आंबतं, चारा नकोसा होतो. विण्याच्या आधी तीन आठवडे आणि नंतर तीन, हा काळ फार नाजूक. त्यात कोणी लाडाने बादलीभर भात घातला, तर... "

पुढचं मी ऐकलं नाही.

संध्याकाळी चिनूने ताराचंदला विचारलं, "तू भात दिला?"

"नाई जी ताई."

"मग कोणी दिला?"

तो गप्प. मीही गप्प. दोघांत हात दीड हात अंतर असेल.

५ मे, सोमवार

शेवंतीच्या वेळी मी इथे नव्हतोच! मग तिला कशाने झालं?

८ मे, गुरुवार

अबोली रवंथ करते आहे. चौदा लिटर.

चिनूने जुनी वही काढली. कोणत्या गाईची आई कोण, आजी कोण, कोणत्या वळूचं बीज, सगळं तिने लिहून ठेवलंय. शेवंती ज्यांच्याकडून घेतली त्यांना फोन लावला. शेवंतीची आई कशाने गेली? "व्याल्यावर खाणं सोडलं होतं तिनं," तिकडून उत्तर आलं. चिनूने फोन ठेवला आणि वहीत तीन नावांना लाल गोल केले. चौथ्या नावाशी पेन थांबला. जुई.

"बाबा, हे रक्तच असेल तर मी काय करू? माझ्या सगळ्यात चांगल्या गाई याच घरातल्या आहेत."

मी म्हटलं, "रक्तच असेल." किती पटकन म्हटलं! तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात संशय नव्हता. तेच मला जास्त लागलं.

पियूष फाटकाशी येऊन गेला. "काका, पाच-सहा दिवस आले नाही?" मी त्याला हाताने घालवलं. पाहिलं का कोणी? बहुतेक नाही.

९ मे, शुक्रवार

झोप नाही. अंगावर खाज. माझंच पोट आंबलंय.

११ मे, रविवार

आज दुपारी ताराचंद जुईच्या पाठीवर ओलं पोतं टाकत होता. चिनू गावात गेलेली. मी गेलो आणि उगाच उभा राहिलो. तोच बोलला.

"बाबूजी, मले मालूम आहे जी."

"काय?"

"बादली. तुमी रोज ठेवून जात होते टाकीमागं. मीच धुत होतो तिले."

माझे कान तापले. म्हटलं, मग ताई विचारत होती तेव्हा काहून सांगितलं नाहीस?

"तुमी बाप आहा तिचे. बापाले पोरीसमोर खाली पाहाले लावू का मी?" पोतं नीट करत म्हणाला. "अन्‌ तुमी काही वाईटासाठी नव्हतं देल्लं. मी तर रोखाले पाहिजे होतं तुमाले. मीबी नाई रोखलं. मले वाटलं, खाऊन राहिली तं खाऊ दे."

तो माणूस माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. मी त्याच्याकडे बघू शकलो नाही.

उद्या सांगतो चिनूला. उद्या नक्की.

१२ मे, सोमवार

नाही सांगितलं.

१४ मे, बुधवार

व्हायचं ते झालं. चिनूने जेवताना सांगितलं — "ताराचंदला मी दुसरीकडे काम बघायला सांगितलंय. महिनाअखेरपर्यंत. जुई व्यायच्या आत मला खोटं बोलणारा माणूस गोठ्यात नको."

घास तोंडातच. म्हटलं, चार वर्षांपासूनचा माणूस आहे गं.

"म्हणूनच! चार वर्षं मी त्याच्या भरवशावर झोपले. सरळ कबूल केलं असतं तर मी एक शब्द बोलले नसते. तोंडावर नाही म्हणतो, बाबा. चोरासारखा."

त्याची पोरगी पिंकी सक्करदऱ्याला नर्सिंग शिकते. इथून रोज बसने जाते. खोली गेली तर ती कुठून जाणार?

भाजी काय होती आठवत नाही.

१५ मे, गुरुवार

हिला फोनवर सगळं सांगितलं. ही आधी हसली — "लग्नातली बुंदी? गाईला?" मग गप्प झाली. मग म्हणाली, "आज सांगा तिला. मी सांगू का?"

"नको. मी सांगतो."

"तुम्ही नाही सांगणार. ऑफिसातही चूक तुमची असली की तुम्हाला आधी ताप यायचा."

ताप आहेच थोडा. निन्याण्णव.

१६ मे, शुक्रवार

सांगितलं.

चारच्या सुमारास. चिनू काट्यावर जुईची ढेप तोलत होती. मी मागे उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. एवढंच आलं — "तो भात मी देत होतो."

"कोणता भात?" ती काटा बघत होती. मग हात थांबला. पण वळली नाही.

"किती दिवस?"

"व्यायच्या आधी तेरा. नंतर सहा."

"रोज?"

"रोज."

मी शेवंतीचं, बरगड्यांचं, भीतीचं सांगायला लागलो. तिने हात वर केला. मी थांबलो.  माझ्यावर ओरडेल म्हणून मी तयार होतो. ओरडली असती तर बरं झालं असतं!

"ताराचंदला माहीत होतं?"

"हो."

ती ढेपेच्या पोत्यावर बसली. "मी त्याला चोर म्हटलं, बाबा. त्याच्या पोरीसमोर म्हटलं."

उठली, तडक त्याच्या खोलीकडे गेली. मी लांबूनच पाहिलं. ती उभी, मान खाली. तो आधी गोंधळला, मग हात जोडायला लागला तर तिने ते हात धरून खाली केले. काय बोलली ऐकू आलं नाही. त्याचं एवढं कानावर आलं — "जाऊ द्या ना जी ताई, घरातलीच गोष्ट आहे."

परत आली तेव्हा डोळे लाल.

"तुम्ही महालात जा काही दिवस. जुई व्याली, तीन आठवडे गेले, की मग या."

"चिनू, मी हातसुद्धा लावणार नाही तिला —"

"माहीत आहे. रागाने नाही म्हणत. भीती वाटते म्हणून म्हणते. मला एकदा सगळं बरोबर करून बघायचं आहे. कोणाचंही प्रेम मधे न येता."

कोणाचंही प्रेम मधे न येता! हे वाक्य मला किती दिवस पुरणार आहे!

१७ मे, शनिवार

महाल. चिनूने दिघोरीपर्यंत सोडलं, पुढे ऑटो. घरात तीन महिन्यांची धूळ. कूलरमध्ये पाणी भरलं, पंप चालत नाही. चालो न चालो.

निघताना अबोली गव्हाणीत तोंड घालून खात होती. सतरा लिटरवर आली. फाटकाकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. बरंच झालं.

२१ मे, बुधवार

चिनूचा फोन नाही. मी करत नाही. ताराचंदला केला. "जुई मस्त हाये जी. ताई सोता तोलून राहिल्या सारं. मलेबी हात लावू देत नाई काट्याले." पाण्याचे फवारे लावलेत छताला. दुपारी गोठ्यात सात डिग्री कमी म्हणे.

पिंकी परीक्षेला बसली. चांगलं झालं.

२२ मे, गुरुवार

आज गल्लीच्या तोंडाशी एक बाई गाईला शिळ्या पोळ्या आणि भात घालत होती. स्टीलच्या डब्यातून, पदर डोक्यावर घेऊन, अगदी मनापासून. मी जाऊन म्हटलं, "ताई, भात नका देऊ. पोट आंबतं तिचं."

"रोज खाते हो काका. काही होत नाही तिला."

"होतं."

कसा बोललो काय माहीत. ती दचकली. डबा बंद करून मागे वळून वळून बघत गेली. गाय माझ्याकडे बघत राहिली. देण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

२५ मे, रविवार

नवतपा लागला, उन्हाचे सगळ्यात कडक नऊ दिवस. पंचेचाळीस पॉइंट सहा. आणि आजच जुई व्याली! दुपारी बाराला, गोऱ्हा. चिनूने स्वतः फोन केला. "पहिलटकरीण असून अर्ध्या तासात मोकळी झाली, बाबा!" आवाजात हसू होतं. किती दिवसांनी!

मला विचारायचं होतं, मी येऊ का? विचारलं नाही. देवासमोर साखर ठेवली. मग वाटलं, साखर तरी कशाला? उगीच.

२७ मे, मंगळवार

दुसरा दिवस. खाते आहे. बारा लिटर.

२८ मे, बुधवार

तिसरा. सकाळ-संध्याकाळ चिनू नळी लावून ऐकते. डॉक्टरांनी शिकवलं. आवाज नाही. हिला कळवलं. ही म्हणाली, "बघा. खुराक नीट असला की सगळं नीट."

म्हणजे अबोलीला मीच आजारी पाडलं. आता शंका उरली नाही. अंथरुणावर पडून आढ्याकडे बघत राहिलो. जुईचं चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं. ती जितकी चांगली राहील तितका माझा गुन्हा पक्का होत जातो. तरीही वाटतं. देवा, तरीही.

२९ मे, गुरुवार

चौथा. साडेबारा लिटर. आवाज नाही.

३० मे, शुक्रवार

सकाळी सातला चिनूचा फोन. जुईलाही तेच. डावीकडे. शीत नाही, पुरी नाही, एक दाणा जास्तीचा नाही, अंगावर सतत फवारे — तरी! डॉक्टर अदिती पोचल्या आहेत. म्हणाल्या, या घराण्याच्या रक्तातच कल आहे, आता हा वंश पुढे वाढवू नका.

"बाबा, सगळं तुमच्यामुळे नव्हतं हो," चिनू म्हणाली आणि रडायला लागली.

कोणाला सांगणार नाही, इथेच लिहितो. आधी मला बरं वाटलं. छातीवरून दगड उतरला. जुई तिकडे भरल्या गव्हाणीपुढे उपाशी उभी, पोर फोनवर रडते आहे, आणि मला — बरं वाटलं! मग लाज वाटली.

"येता का?" तिने विचारलं.

चप्पल घातली आहे. निघतो.